'पुट मी थ्रू' : लहान शब्दांनी अडवलेली इंग्रजी

आमच्या वस्तीतली एक मुलगी. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. घरात बारावी झालेली ही पहिलीच. गुणही चांगले. एका कार्यालयात फोनवर बसण्याचे काम मिळाले, तेव्हा घरात पेढे वाटले गेले.

तिसऱ्याच दिवशी फोन आला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "पुट मी थ्रू टू द मॅनेजर." पुट म्हणजे ठेवणे, इंग्रजीतला मी म्हणजे मला, थ्रू म्हणजे आरपार. तिन्ही शब्द तिला ठाऊक होते. पण मला आरपार ठेवा म्हणजे काय? तिने दोनदा 'सॉरी' म्हटले आणि घाबरून फोन ठेवून दिला. साहेबांनी सगळ्यांदेखत सुनावले, "इंग्रजी येत नाही तर कशाला येता इथे?"

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, मी मोठमोठे निबंध पाठ केले आणि तीन शब्दांत अडले. मला इंग्रजी येतच नाही का?"

गृहस्थांचे म्हणणे एवढेच होते की, मॅनेजरला फोन जोडून द्या. मुलगी हुशार आहे. तिला अडवले ते या लहान शब्दांच्या जोडीने. आपली पुष्कळ मुले नेमकी इथेच अडतात, म्हणून हा विषय घराघरांत बोलला पाहिजे.

एक क्रियापद, अनेक अर्थ

'पुट' हे एकच क्रियापद घ्या. पुट ऑन म्हणजे अंगात घालणे. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. पुट आउट म्हणजे दिवा किंवा आग विझवणे. पुट अप विथ म्हणजे सहन करणे. मूळ शब्द तोच, मागे लागलेला लहान शब्द बदलला की अर्थ पार बदलतो. इंग्रजीत अशा जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात.

याचा त्रास फक्त आपल्यालाच होतो असे नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन हा इंग्लंडातल्या लिचफील्ड गावच्या पुस्तकविक्रेत्याचा मुलगा. पैशाअभावी त्याला ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. १७५५ साली त्याचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश निघाला. शब्दांना असे लहान शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत परकीयांना सर्वांत जड जाते, हे त्याने त्याच्या प्रस्तावनेतच नमूद करून ठेवले आहे.

गंमत अशी की, ही साहेबी थाटाची इंग्रजी नव्हेच. पुट, ऑफ, आउट हे इंग्रजांच्या घरातले, शेतातले जुने शब्द. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढे दरबारात फ्रेंच आली, धर्मपीठात आणि विद्वानांत लॅटिन होतीच. पोस्टपोन, एक्स्टिंग्विश, टॉलरेट हे लॅटिन घराण्यातले भारदस्त शब्द. आपण पुस्तकातून हे भारदस्त शब्द आधी शिकलो. 'पोस्टपोन' आपल्याला येतो, 'पुट ऑफ' येत नाही. म्हणजे इमारतीचा वरचा मजला पाहिला, पण तळमजल्यावरून कधी गेलोच नाही.

'इट' कुठे बसवायचा?

आता खरी मेख. या जोड्यांची दोन कुटुंबे आहेत. सर्वनामाला, म्हणजे इट, हिम, हर, मी, देम या शब्दांना ती वेगवेगळी वागवतात.

पहिल्या कुटुंबात लहान शब्द क्रियाविशेषण असतो. स्विच ऑफ, पिक अप, फिल इन, राइट डाउन, थ्रो अवे ही त्यातली मंडळी. इथे नाम असेल तर दोन्ही चालते. 'स्विच ऑफ द फॅन' म्हणा किंवा 'स्विच द फॅन ऑफ' म्हणा. पण सर्वनाम आले की ते मधेच बसते : 'स्विच इट ऑफ'. 'स्विच ऑफ इट' चूक. तसेच पिक इट अप, फिल इट इन, राइट इट डाउन.

दुसऱ्या कुटुंबात लहान शब्द शब्दयोगी अव्ययासारखा असतो. लुक ॲट, लुक आफ्टर, वेट फॉर, लिसन टू. इथे सर्वनाम नेहमी शेवटी : 'लुक ॲट हर', 'वेट फॉर मी'. कारण मराठीतच पाहा. 'तिच्याकडे बघ' यातला 'कडे' आपण 'तिच्या'पासून तोडतो का? नाही. इंग्रजीतला 'ॲट'ही 'हर'ला तसाच धरून असतो. आपला शब्द नामाच्या मागून येतो, त्यांचा पुढे येतो, एवढाच फरक.

दोन्ही कुटुंबे ओळखण्यासाठी कान वापरा. 'स्विच इट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर येतो. 'वेट फॉर मी' म्हणताना जोर 'वेट'वर येतो, 'फॉर' हळूच निसटतो. बहुतेक ठिकाणी ही खूण कामी येते. 'आफ्टर'सारखे लांब शब्द मात्र फसवतात, ते लक्षात ठेवावे.

कधी एकच जोडी दोन्ही घरी नांदते. उधारीचे बिल वाढवून ठेवले तर 'रन अप अ बिल', आणि बिलाऐवजी इट घातला तर 'रन इट अप'. पण टेकडीवर धावत गेलो तर 'रन अप द हिल', आणि 'रन अप इट'. टेकडीच्या वर, म्हणून 'अप' टेकडीला चिकटला.

तीन शब्दांची जोडी असेल तर सर्वनाम शेवटी : 'पुट अप विथ इट'. अर्जाच्या शेवटी मुले लिहितात, 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. ते 'टू मीटिंग यू' हवे.

आता त्या मुलीचे वाक्य पाहा. 'पुट मी थ्रू'. 'मी' मधे बसला आहे. म्हणजे हे पहिले कुटुंब.

मराठीतून येणाऱ्या चुका

आपण 'मला समजावून सांगा' म्हणतो, म्हणून तोंडातून 'एक्स्प्लेन मी' निघते. 'मला'मधला 'ला' इंग्रजीत वेगळा मांडावा लागतो : 'एक्स्प्लेन इट टू मी'. 'माझी वाट बघ' यावरून 'वेट मी' होते, पाहिजे 'वेट फॉर मी'. उलट 'त्याबद्दल चर्चा करू' यावरून 'डिस्कस अबाउट इट' होते. तिथे 'अबाउट' नकोच, 'डिस्कस इट' पुरे.

आणि आपल्या मराठीत हा खेळ नाही असे कोण म्हणेल? लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून काढ. चारही अर्थ आपले लेकरू न शिकवता ओळखते. 'वेळ मारून नेली' हे परक्या माणसाला शब्दकोश घेऊन तरी कळेल का? जे डोके हे पेलते, ते 'पुट मी थ्रू'ही पेलेल.

घरी काय करावे?

याद्या पाठ करू नयेत. जोडी नेहमी 'इट' घालून वहीत लिहावी, म्हणजे जागा आपोआप पक्की होते. रोज एकच जोडी, तीही घरच्या कामाला बांधून. पंखा बंद करताना 'स्विच इट ऑफ', कचरा टाकताना 'थ्रो इट अवे', बँकेचा फॉर्म भरताना 'फिल इट इन'. आईवडिलांना लिहिता-वाचता येत नसले तरी हे म्हणता येते, आणि मुलाची भीड घरातच मोडते. विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशात जोडी शोधताना 'समथिंग' किंवा 'समबडी' हा शब्द मधे छापला आहे की शेवटी, ते पाहावे. तीच सर्वनामाची जागा.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी घरात, शेजारीपाजारी ती कानावर पडत नाही. ज्यांच्या घरी पडते त्यांची मुले हे लहान शब्द खेळता खेळता उचलतात. आपल्या मुलांना ते मुद्दाम गोळा करावे लागतात. हा बुद्धीचा फरक नाही, कानाचा आहे. कान तयार करता येतो.

त्या मुलीने काम सोडले नाही. वहीच्या पहिल्या पानावर तिने स्वतःचे वाक्य लिहिले : 'होल्ड ऑन, आय विल पुट यू थ्रू.' दुसऱ्या आठवड्यात ते तिला फोनवर म्हणावे लागले. घरी येऊन तिने ते आईला म्हणून दाखवले. आईने विचारले, "म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "थांबा, जोडून देते."