नौकेवरील शौचकूप आणि त्याचे बिघाड

आजचा विषय सोवळ्यांत बोलण्यासारखा नाहीं, हें मला ठाऊक आहे. परंतु मालवणच्या बंदरांत शिडाची नौका नांगरून जो कोणी तिच्यावर रात्र काढील, त्याचा जीव याच विषयावर अवलंबून असूं शकतो. म्हणून श्रोत्यांनीं थोडें नाक दाबून ऐकावें.

मच्छीमाराच्या लहान होडींत हा प्रश्नच नसतो. प्रवासाच्या मोठ्या नौकेंत मात्र एक अरुंद खोली असते, आणि तिच्यांतील भांडें पुष्कळदां बाहेरच्या पाण्याच्या पातळीखालीं बसविलेलें असतें. घरच्याप्रमाणें उंचावरच्या टांकींतून पाणी सोडण्याची सोय तेथें नाहीं. हातपंपाचा दट्ट्या ओढला कीं नौकेच्या तळांतील एका छिद्रांतून खारें पाणी भांड्यांत येतें, आणि तोच पंप भांड्यांतील मैला दुसऱ्या नळीनें बाहेर ढकलतो. दोन्ही छिद्रांवर एकेक तोटी असते.

समजा, पहांटे उठून पाहतां तों भांडें कांठोकांठ भरलेलें आहे. रात्रीं पंपाला कोणी हात लावला नव्हता. मग पाणी आलें कोठून? पंप खोलण्याची घाई करूं नये. भांडें रिकामें करावें, पाणी आंत आणणारी तोटी बंद करावी आणि तासभर थांबावें. पाणी चढलें नाहीं, तर दोष त्या वाटेचा. चढलें, तर तें बाहेर जाणाऱ्या नळींतून परतत आहे. तेथील बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप सैल पडली आहे, किंवा तिच्या ओठांत केस वा चिंधी अडकली आहे. ती काढण्यापूर्वीं दोन्ही तोट्या बंद हव्यात, हें सांगावयास नको, तरी सांगतों.

पहिला दोष फसवा. नळी पाण्याच्या पातळीहून उंच नेऊन पुन्हां खालीं वळविलेली असते, आणि वळणाच्या माथ्यावर हवेचें बारीक छिद्र ठेवतात. तें मिठानें बुजलें कीं नळीची वक्रनलिका बनते, आणि समुद्र आपण होऊन आंत वाहूं लागतो. कोमट गोड्या पाण्यानें तें छिद्र धुतलें कीं काम होतें. न धुतल्यास काय होईल? पातळीखालीं अर्ध्या मीटरवर दीड इंची छिद्र मोकळें राहिलें, तर मिनिटाला शंभर लिटरांहून अधिक पाणी येतें. नळींतून तें याहून पुष्कळ कमी येईल, पण रात्र मोठी असते. १४ एप्रिल १९४५ रोजीं स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ यू-१२०६ या जर्मन पाणबुडींत शौचकूपाच्या वाटेनेंच समुद्र शिरला. तें पाणी विजेच्या घटांपर्यंत पोहोंचून क्लोरिन वायु सुटला. पाणबुडी वर आणावी लागली आणि अखेरीस गमवावी लागली.

पंप जड चालणें ही गोष्ट निराळी. खाऱ्या पाण्यांतील क्षार व मूत्र यांच्या संयोगानें नळींत दगडासारखा थर बसतो. महिन्याकाठीं शिरका कांहीं तास नळींत ठेवल्यास तो विरघळूं लागतो. दट्ट्याच्या रबराला थोडें गोडेतेल पुरतें. सकाळच्या पहिल्या ओढीला कुजक्या अंड्यांचा दर्प आला, तर सहप्रवाशांकडे पाहूं नये. नळींत सांचलेल्या समुद्राच्या पाण्यांतील सूक्ष्म जीव मरून कुजल्यानें तो येतो.

मैला टांकींत सांठविण्याची सोय असेल, तर टांकीची हवेची नळीही पाहावी. ती बुजली कीं पंप अडतो, आणि नावाड्याला मैला सरळ समुद्रांत सोडण्याचा मोह होतो. मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें. सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्याखालीं प्रवाळ आहे, आणि किनाऱ्यावर रापण ओढून लोक पोट भरतात. तेथें ती तोटी उघडणें मला तरी अक्षम्य वाटतें. तार घालून हवेची नळी मोकळी करणें हें थोड्या वेळाचें काम.

नौका सोडून किनाऱ्यावर जातांना दोन्ही तोट्या बंद कराव्या. प्रत्येक तोटीशेजारीं मऊ लांकडाची निमुळती खुंटी दोरीनें बांधलेली असावी. तोटीच तुटली, तर ती छिद्रांत ठोकतां येते.