"कोणी नाही हो, भांडेवाली आहे!"

परवाचीच गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती आणि शिक्षकांचा एकत्र फोटो काढायचा होता. मी नववीच्या वह्यांचा गठ्ठा सांभाळत जिना उतरत होते. खाली फोटोवाल्यानं विचारलं, "कोणी राहिलंय का?" कुणीतरी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणालं, "नाही, सगळे आलेत. त्या तासिकेवरच्या बाई आहेत." झालं! फोटो निघाला. मी वह्या घेऊन घरी आले.

तासिकेवरच्या म्हणजे काय, हे ज्या मैत्रिणींना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. जितके तास शिकवाल तितक्याचेच पैसे. सुटीचे नाहीत, वह्या तपासण्याचे नाहीत. मुलांना मात्र हा फरक कळत नाही. त्यांच्या लेखी मी नुसती 'बाई'.

घरी आले तरी आतल्या आत धुमसत होते. कुकर लावला, तेवढ्यात बेल वाजली. "कोण आलंय गं?" आतून यांनी विचारलं. मी दार उघडलं आणि तोंडातून निघून गेलं, "कोणी नाही हो, भांडेवाली आहे!"

मावशी समोरच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. काही बोलल्या नाहीत. चपला काढल्या, पदर खोचला आणि मोरीकडे गेल्या. मी मात्र कडीला हात लावून तशीच उभी राहिले. तासाभरापूर्वी जे मला लागलं होतं, तेच मी दुसरीला ऐकवलं होतं!

शब्दांची उतरंड

त्या दिवसापासून एक नाद लागला. लहानाला, खालच्याला आपण काय काय म्हणतो ते ऐकू लागले. किरकोळ, फुटकळ, चिल्लर, सटरफटर, ऐरागैरा, लिंबूटिंबू! यादी संपेना. हे फक्त मराठीचंच आहे असंही नाही. सुट्ट्या पैशांना तमिळमध्ये 'चिल्लरै' म्हणतात, कन्नडमध्ये 'चिल्लरे'. पैसा मोजता मोजता आपण माणसंही त्याच मापानं मोजू लागलो.

काही शब्द मुळात अगदी निरुपद्रवी आहेत. 'दुय्यम' हा फारसीतून आलेला, त्याचा अर्थ नुसता 'दुसरा'. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन आपण घराची नोंदणी करतो, तेव्हा तिथल्या साहेबांना कोणी कमी लेखत नाही. पण तोच शब्द 'घरातलं बाईचं स्थान' याच्यापुढे आला की लगेच त्याचा रंग बदलतो.

'गौण'चंही तसंच. वर्गात मी मिश्र वाक्य शिकवते. 'जर पाऊस पडला, तर पीक येईल.' यात 'पीक येईल' हे प्रधान वाक्य आणि 'जर पाऊस पडला' हे गौण! एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, पाऊसच पडला नाही तर प्रधान वाक्य येणार कुठून?" व्याकरणाच्या दृष्टीनं तिचं चुकलं असेल, पण खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही.

सरकारदरबारी वाळू आणि मुरूम ही 'गौण खनिजं'. त्यांच्यावाचून एक तरी घर उभं राहील का? बांबू, तेंदूपानं, मध हे 'गौण वनोपज'. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावानं आपला बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. कागदावर जे गौण, त्यावरच गावाचा संसार!

आणि आपण?

मैत्रिणींनो, आपल्या पदरीही असा एक शब्द आहेच. "आई काय करते?" "काही नाही, घरीच असते." २०११ च्या जनगणनेत घरकाम हेच मुख्य काम असणाऱ्या बायकांची नोंद 'काम न करणारे' या सदरात झाली. वेळ कसा जातो याची देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये सरकारनंच केली. तिच्यात दिसलं, की घरात बिनपगारी काम करणाऱ्यांमध्ये बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं राबते, तर पुरुष ९७ मिनिटं. जवळजवळ पाच तास 'काही नाही' करायला लागतात तर!

जानेवारी २०२१ मध्ये अपघातभरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घरच्या बाईच्या कामाचं मोल धरलंच पाहिजे असं सांगितलं. २०२३ मध्ये न्यायालयानं शब्दांविषयी एक पुस्तिकाच काढली. त्यात 'हाउसवाइफ'ऐवजी 'होममेकर' म्हणा, असं सुचवलं आहे. वाचून बरं वाटलं.

नाव बदललं, कपबशी तीच

पण नुसतं नाव बदलून भागतं का? मोलकरीण गेली, कामवाली आली; कामवाली गेली, बाई आली; मग मावशी, ताई, आता मेड. 'मोलकरीण' शब्दात वाईट ते काय? मोल घेऊन काम करणारी. शब्द मळला तो आपल्या वागण्यानं. कायद्यानं तर २००८ मध्येच राज्यात 'घरेलू कामगार' म्हणून कल्याण मंडळाची तरतूद केली. पण किती घरांतून अजून त्यांची कपबशी वेगळी, खिडकीत पालथी घातलेली असते! वागणं तेच ठेवून शब्द बदलायचा, म्हणजे फरशी न पुसता पोतेरंच धूत बसण्यासारखं आहे. चार दिवसांत नवा शब्दही तितकाच मळतो.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना म्हटलं, "काल माझं चुकलं. तुम्हांला काय म्हटलेलं आवडेल?"

त्या हातातलं पातेलं विसळत हसल्या. म्हणाल्या, "मावशी म्हणा, न्हाईतर नावानं हाक मारा, मला चालतंय. पण ताई, महिन्याच्या दोन सुट्ट्या धरून पगार द्या. मागल्या महिन्यात पोरगं आजारी होतं, तर तुम्ही दोन दिवसांचे कापले."

मी गप्पच झाले. सुटीचे पैसे मिळत नाहीत म्हणून शाळेवर चिडणारी मी! इतकी वर्षं 'मावशी' म्हणत होते आणि तेवढ्यावर स्वतःला चांगली समजत होते.

त्या महिन्यापासून दोन भरपगारी सुट्ट्या ठरल्या. कॅलेंडरवर खाडे लिहायचे तिथे मी आता 'सुटी' लिहिते. चहा आमच्याच कपांतून होतो. सासूबाईंनी पहिले दोन दिवस भुवया चढवल्या, तिसऱ्या दिवशी त्यांनीच चहा गाळला.

शाळेतल्या फोटोचं काय, म्हणाल? तो भिंतीवर लागलाय, मी त्यात नाही. पण पुढच्या वर्षी फोटोवाला विचारील, "कोणी राहिलंय का?" तेव्हा मीच जिन्यावरून सांगणार आहे, "हो, थांबा. मी राहिलेय, आणि आपल्या शिपाईमामांनाही बोलवा."