पात्र की योग्य?

7 फेब्रुवारी 2023 ची सकाळ. चेन्नईत व्हिक्टोरिया गौरी मद्रास उच्च न्यायालयाच्या अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून शपथ घेत होत्या आणि त्याच वेळी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या नेमणुकीविरुद्धच्या याचिकेवर सुनावणी चालू होती. शपथ आधी उरकली, याचिका नंतर फेटाळली गेली.

गौरी भाजपच्या पदाधिकारी होत्या. पण मद्रासच्या काही वकिलांना खरं खटकलं ते मुसलमान-ख्रिस्ती समाजांबद्दलचं त्यांचं जुनं बोलणं. या वकिलांनी राष्ट्रपती आणि कॉलेजियम (न्यायमूर्तिपदासाठी नावं सुचवणारं ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ), दोघांनाही पत्रं धाडली. दुसऱ्या काही वकिलांनी मात्र गौरींची बाजू घेतली. याचिका ऐकणाऱ्या खंडपीठावरचे अमरावतीचे न्या. भूषण गवई म्हणाले, राजकीय पार्श्वभूमी तर मलाही आहे.

कायद्याची मेख अशी. पात्रता, म्हणजे दहा वर्षांची वकिली वगैरे, न्यायालय तपासू शकतं. 1992 मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयातली एक नेमणूक त्यावरच रद्द झाली. माणूस योग्य आहे का, हे मात्र कॉलेजियमनेच ठरवायचं. मग योग्यतेवरचे आक्षेप ऐकायचे कधी? शिफारस होईपर्यंत नाव बहुधा गुलदस्त्यात, आणि गौरींच्या बाबतीत अधिसूचना निघाली ती शपथेच्या आदल्या दिवशी!