हुकूम आणि वर्दी यांमधील अडीच सेकंद
१७ नोव्हेंबर १९७० रोजी चंद्राच्या वर्षासागरात उतरलेल्या ‘लुनोखोद-१’ या आठचाकी सोव्हिएत गाडीचे सारथ्य क्रिमियातील केंद्रात बसलेली पाच जणांची तुकडी करीत असे. परंतु हुकूम चंद्रावर पोहोचून त्याच्या तामिलीची वर्दी परत येईपर्यंत, प्रकाशाच्या वेगानेसुद्धा, अडीच सेकंदांहून अधिक काळ लोटे. विलंबाचा खरा धोका माहितीच्या शिळेपणात असतो: वस्तुस्थिती पालटल्यावर, जुन्या वर्दीवर विसंबून केलेली दुरुस्ती चुकीचे निवारण करण्याऐवजी तिच्यात भरच घालते, आणि हुकूम सोडणारा नियामक जितका उतावीळ, तितकी यंत्रणेची आंदोलने अधिक उग्र होत जातात. अभियंते ऑटो स्मिथ यांनी १९५७ मध्ये यावर एक उपाय सुचविला, आणि त्याचे देखणेपण मला आजही थक्क करते, की यंत्राची गणिती प्रतिकृती नियामकापाशीच ठेवावी व उत्तराची वाट न पाहता तिच्या अनुमानावर पुढील हुकूम सोडावा. मात्र विलंब ठाऊक व स्थिर असेल तेथेच हा उपाय नीट लागू पडतो. आजच्या संगणकजालात प्रत्येक संदेशाचा विलंब निराळा, आणि काही संदेश तर वाटेतच गहाळ होतात. लुनोखोद मात्र त्या अडीच सेकंदांसह सुमारे साडेदहा किलोमीटर चालविली गेली.