पिशवी काढली म्हणजे कॅन्सर टळला, असं नाही

‘अंगावरून पांढरं जातंय ना? पिशवी खराब झालीय. आताच काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ बीड जिल्ह्यातल्या कितीतरी ऊसतोड बायकांनी दवाखान्यात हे ऐकलं आणि त्या ऑपरेशनला तयार झाल्या. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीसाठी जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींनी तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती.

पांढरं जाण्यामागे अनेकदा साधा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. त्यासाठी पिशवी काढणं हा उपचारच नव्हे. पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर बाई पस्तिशीतच पाळी गेलेल्या वयात ढकलली जाते. हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि त्याच अंगाने तिला पुढच्या हंगामात मोळ्या वाहायच्या असतात. कॅन्सरच्या भीतीचा असा व्यापार होतो, याची मला अतोनात चीड येते.

खरी घाबरण्यासारखी लक्षणं मात्र घरात झाकली जातात. पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा रक्ताचा डाग दिसला, की ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सोडून देतात. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसणं, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त स्राव होणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच डॉक्टरांना दाखवायला हवं. प्रत्येक वेळी कॅन्सरच निघतो असं नाही. पण पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव ही गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूण असू शकते, आणि तिथेच गाठलेला हा आजार बहुधा बरा होतो.

भारतात स्त्रियांच्या जननमार्गात सर्वाधिक आढळतो तो गर्भाशयमुखाचा कॅन्सर. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षभरात त्याच्या सुमारे 1 लाख 27 हजार नव्या रुग्ण होत्या आणि जवळपास 80 हजार स्त्रिया त्याने दगावल्या. ‘चालचलन बरी नसेल’ ही कुजबुज याच आजाराच्या वाट्याला येते. जवळजवळ प्रत्येक रुग्णात मूळ कारण असतो एचपीव्ही हा विषाणू. हे नातं दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउजेन यांना 2008 चं नोबेल मिळालं. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होते, आणि बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत तो हुसकावून लावतं. जिथे तो चिकटून राहतो तिथे कॅन्सर व्हायला साधारण 10 ते 20 वर्षं जातात. एकाच नवऱ्याबरोबर जन्म काढलेल्या बाईलाही हा कॅन्सर होतो. तिच्या चारित्र्याचा इथे प्रश्नच येत नाही.

‘काही त्रास नाही, मग तपासायचं कशाला?’ याचं उत्तर आपल्याच मराठवाड्याने जगाला दिलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने झाला. 2009 मध्ये निष्कर्ष आला: ज्या गटाला एचपीव्ही चाचणी एकदाच देऊ केली, त्यात पुढच्या 8 वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन आणखी सोपी तपासणी केली. कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उमटतो का ते पाहायचं. त्यातून मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. असा चट्टा कॅन्सरपूर्व अवस्थेतला निघाला, तर बाह्यरुग्ण विभागातच तो गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करता येतो. पिशवी शाबूत राहते. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी दर 5 वर्षांनी ही तपासणी ठरलेली आहे. तिच्याबद्दल आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा.

एचपीव्हीविरुद्ध लसही आहे. तिने मूल होत नाही, ही अफवा आहे. लसीत विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन असतं, विषाणू नसतो. 2010 मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एका प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले आणि लसीकरण थांबलं. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पालकांच्या संमतीत मात्र गंभीर त्रुटी आढळल्या, आणि अविश्वास तिथून वाढला. त्या स्थगितीमुळे दुसऱ्या एका भारतीय अभ्यासातल्या हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. पुढे दिसलं, की तो एक डोसही सर्वांत धोकादायक दोन प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून सुमारे 95 टक्के संरक्षण देतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला 2022 मध्ये मंजुरी मिळाली, मुलींसाठी आणि मुलग्यांसाठीही. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही.

पॅप चाचणी चांगली आली म्हणजे बीजकोषही ठीक, असं धरू नका. ती चाचणी गर्भाशयमुखाची असते. काही आठवडे पोट सतत फुगलेलं, दोन घासांत भरल्यासारखं वाटत असेल, तर ती बीजकोषाच्या कॅन्सरची खूण असू शकते; नुसत्या गॅसच्या गोळ्यांवर राहू नका.

पुरुष तर अशा आजारांबाबत बायकांहून जास्त गप्प बसतात. रात्री चार वेळा लघवीला उठणं उतारवयात बहुधा प्रोस्टेट ग्रंथीच्या साध्या वाढीमुळे असतं, आणि रक्तातलं पीएसए हे या ग्रंथीचं प्रथिन वाढलं म्हणजे कॅन्सर ठरला असं नाही. हस्तमैथुनाने कॅन्सर होत नाही. वृषणाचा कॅन्सर म्हातारपणाचा नव्हे, विशी-तिशीतला आजार आहे आणि गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच मुलगे ती लपवतात. वास्तविक हा सर्वांत जास्त बरा होणाऱ्या कॅन्सरांपैकी एक आहे, पसरल्यावरसुद्धा. एक वृषण काढलं तरी दुसऱ्याच्या बळावर संबंध आणि बाप होणं सहसा शक्य असतं. केमो द्यायची ठरली, तर त्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याची सोय कुठे आहे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.