खिडकीचें ऊन आणि शेजाऱ्याची मोटार

भिंगानें सूर्यकिरण एका बिंदूवर आणून कागद जाळण्याचा खेळ आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं केला असेल. परंतु हेंच काम एखाद्या घराची बंद खिडकी करूं शकते, व तिच्यासमोर उभी असलेली मोटार कोणीं हात न लावतां बिघडते, असें सांगितल्यास पुष्कळांस तें खरें वाटणार नाहीं. म्हणून या विषयाचें थोडेंसें विवेचन येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम घडलेली एक गोष्ट सांगतों. लंडन शहरांत फेनचर्च स्ट्रीट येथें सुमारें १६० मीटर उंचीची एक इमारत आहे. तिची दक्षिणेकडील काचेची बाजू आंतल्या अंगास वळलेली आहे. इ. स. २०१३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, इमारतीचें काम पुरें होण्यापूर्वींच, एका गृहस्थानें आपली जग्वार मोटार जवळच्या ईस्टचीप रस्त्यावर उभी केली. तो परत येऊन पाहतो, तों बाजूच्या आरशाचें आवरण व आणखी कांहीं भाग वितळून वांकडे झालेले! काचेवरून परतलेलें ऊन त्या जागीं एकवटलें होतें. एका बातमीदारानें तर त्या झोतांत तवा ठेवून अंडें तळून दाखविलें. इमारतीच्या मालकांनीं मोटारीच्या दुरुस्तीचे ९४६ पौंड भरून दिले, व पुढील वर्षीं त्या बाजूस ऊन अडविणाऱ्या पट्ट्या बसविल्या.

येथें इमारतच वळलेली होती. पण घराच्या खिडकीची काच तर सपाट असते. मग ती किरण कशी एकवटते? हें समजण्यास नव्या तऱ्हेच्या खिडकीची रचना पाहिली पाहिजे. तींत दोन काचा असून त्यांमधील पोकळींत हवा किंवा आर्गॉन वायु कोंडलेला असतो. एका काचेच्या आंतील अंगास चांदीसारख्या धातूचा, डोळ्यांस न दिसणारा असा अतिशय पातळ लेप असतो. तो प्रकाशास वाट देतो, परंतु उष्णतेचे किरण परतवितो. त्यामुळें थंड देशांत घरांतील ऊब घरांतच राहते व इंधन वांचतें. साधी एकेरी काच आपल्यावर पडलेल्या उन्हापैकीं शेंकडा ८ च्या सुमारास परत फेंकते. लेपाची खिडकी त्याहून पुष्कळच अधिक फेंकते.

आतां दुसरी गोष्ट. महाबळेश्वरीं प्लास्टिकची रिकामी बाटली बूच घट्ट लावून कोंकणांत आणावी. ती चेपलेली आढळते. वर हवेचा दाब कमी, खालीं अधिक. म्हणून बाहेरची हवा तिला आंत दाबते. खिडकींतील कोंडलेल्या वायूचें असेंच आहे. थंडीनें तो आकसला, किंवा बाहेरील हवेचा दाब वाढला, कीं दोन्ही काचा मध्यभागीं किंचित् आंत वांकतात. मग बाहेरून पाहतां सपाट खिडकीचा अंतर्गोल आरसा झालेला असतो!

विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करून पाहावें. समजा, १ मीटर रुंदीची काच मध्यभागीं ५ मिलिमीटर आंत गेली. तर तिच्या वक्रतेची त्रिज्या सुमारें २५ मीटर होते. किरण त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे साडेबारा मीटरांवर एकवटतात. आणि तेवढ्या अंतरावर बहुधा शेजाऱ्याचें अंगण असतें.

लोखंडास अशा उन्हाचें भय नाहीं. परंतु मोटारीच्या आरशाचें आवरण पुष्कळदां ए. बी. एस. नामक प्लास्टिकचें असतें. तें १०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास मऊ पडतें. अमेरिकेंत घरांच्या बाहेरील भिंतींस पी. व्ही. सी.च्या पट्ट्या लावितात. त्या तर सुमारें ७० अंशांवरच वांकूं लागतात. काळ्या रंगाचें प्लास्टिक उन्हानें आधींच तापलेलें असतें, त्यांत या झोताची भर पडते.

येथेंच भांडणाचें मूळ आहे. मोटारवाला कारखान्यास दोष देतो, कारखाना मोटारवाल्यास. आणि खिडकीच्या मालकास तर यांतलें कांहींच ठाऊक नसतें. त्यानें काटकसर केली, अपराध केला नाहीं. म्हणून दोष देण्यापूर्वीं निरीक्षण करावें. जमिनीवर वा भिंतीवर उन्हाचा एखादा विशेष तेजस्वी डाग सूर्याबरोबर सरकत असल्यास मोटार तेथून हलवावी. खिडकीस आंतून पडदा लाविल्यानें कांहीं साधत नाहीं. कारण किरण काचेवरूनच परतलेले असतात. बाहेरून जाळी किंवा छत लाविलें, अगर मध्यें एखादें झाड वाढविलें, म्हणजे झोत मोडतो. मात्र त्या झोतांत उभें राहून खिडकीकडे पाहूं नये. डोळ्यांस इजा होईल.

आपल्या घराची सोय करतांना तिचें ऊन कोणाच्या अंगणांत पडतें, हेंही पाहावें. शास्त्राचा हा लहानसा धडा आमचे विद्यार्थी घरीं जाऊन वडील मंडळींस समजावून देतील, अशी आम्हांस आशा आहे.