गर्भाशयातील गाठी : पिशवी काढायला विमा, वाचवायला काय?

ग्रामीण भागात 'गर्भाशय' हा शब्द दवाखान्याबाहेर सहसा ऐकू येत नाही. 'पिशवी' म्हटले की पुरते. अंगावर जास्त जाणे, ओटीपोटात दुखणे आणि सोनोग्राफीत गाठ दिसणे, एवढे झाले की 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' हा सल्ला तयारच असतो. इंदापूर तालुक्यातील शेळगावही त्याला अपवाद नाही. या आजाराला विम्याचे संरक्षण सक्तीचे असावे, अशी मागणी केली जाते, तेव्हा विमा नेमका कशाला मिळणार, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारायला हवा.

या गाठींना वैद्यकशास्त्रात 'फायब्रॉइड' म्हणतात. गर्भाशयाच्या स्नायूंपासूनच त्या बनतात, स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांवर पोसतात आणि पाळी थांबल्यावर बहुधा आक्रसतात. त्या कर्करोगाच्या नसतात. 'गाठ म्हणजे कॅन्सर' ही धास्ती येथे बहुतांशी अनाठायी असते. आतील अस्तरालगतची लहानशी गाठही भरपूर रक्तस्राव घडवते, तर बाहेरच्या अंगाची मोठी गाठ कित्येकदा काहीच त्रास देत नाही. त्रास नसेल तर केवळ लक्ष ठेवणे, असेल तर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, रक्तक्षयासाठी लोह, संप्रेरक सोडणारे गर्भाशयातील साधन, दुर्बिणीतून फक्त गाठ काढणे, अशी ही उतरंड आहे. पिशवी काढणे ही तिची शेवटची पायरी. काही जणींना ती खरोखरच लागते. पण पस्तिशीच्या आत, त्यातही बीजकोशांसह पिशवी गेली, तर हाडे ठिसूळ होण्यापासून हृदयविकारापर्यंतचे धोके आयुष्यभर पाठीशी लागतात.

आता विम्याकडे वळू. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये 'मेडिक्लेम' पॉलिसी आणली. पुढे तिच्या अटींत मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध यांच्या जोडीला 'अतिरक्तस्राव किंवा फायब्रॉइडसाठी गर्भाशय काढणे' याचाही समावेश झाला. पहिल्या वर्षी या खर्चाची भरपाई मिळत नसे. आजार सावकाश वाढणारा. तो माहीत झाल्यावर माणूस पॉलिसी घेईल, हा त्यामागचा हिशेब. २०२० पासून सर्व कंपन्यांना विकणे बंधनकारक झालेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत गर्भाशय काढणे आणि साध्या गाठी यांसाठी प्रतीक्षाकाळ २४ महिन्यांचा आहे. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार असा काळ कोणत्याही पॉलिसीत ३६ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. सोनोग्राफीत गाठ दिसल्यावर घेतलेली पॉलिसी लगेच उपयोगी पडत नाही, हे यातून उघड होते. प्रस्तावात गाठ लपवली, तर पुढे दावा नाकारण्यास कंपनीला आयते कारण मिळते.

सक्तीचे म्हणावे असे एक पाऊल मात्र पडले आहे आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामकाने १२ आधुनिक उपचारांची यादी काढली. हे उपचार पॉलिसीतून वगळता येणार नाहीत, असे बजावले. यादीत पहिलेच नाव आहे, गर्भाशयाची रक्तवाहिनी बंद करून गाठ सुकवणे आणि तीव्र ध्वनिलहरींनी गाठ जाळणे. दोन्ही उपचारांत पिशवी जागेवर राहते. वगळता येत नाही, पण मर्यादा घालता येते, ही यातील मेख. 'आरोग्य संजीवनी'त ती विमा रकमेच्या निम्मी आहे. एक लाखाची पॉलिसी असेल तर पन्नास हजारच. शिवाय हे उपचार करणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांत. शेळगावच्या रुग्णाला पुणे गाठावे लागते.

गरिबांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर गेले आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली. येथे प्रतीक्षाकाळ नाही. मात्र उपचार योजनेच्या यादीत आणि रुग्णालय योजनेशी संलग्न असावे लागते. ते तेथील 'आरोग्यमित्रा'कडून किंवा १५५३८८ या क्रमांकावर आधी विचारून घ्यावे.

खासगी पॉलिसी असो वा सरकारी योजना, दोन्हींचा पैसा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर सुटतो. गोळ्या, तपासण्या, दर सहा महिन्यांची सोनोग्राफी हा खर्च बाईच्या पदरात. स्वस्त उपचार स्वतःच्या खिशातून आणि महागडी शस्त्रक्रिया फुकट, अशी रचना असेल तर कौल कुठे जाईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांचे संरक्षण देणाऱ्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत बिहार व छत्तीसगडमध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांचे आरोप झाले. त्यावर २०१३ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी, अशा शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असा आदेश राज्यांना दिला.

विमा नसतानाही काय घडते, ते बीडने दाखवले. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा, खाड्याला दंड आणि शस्त्रक्रियेसाठी मुकादमाकडून उचल, असा तो फेरा. मराठवाड्यातल्या अशाच टोळ्या दिवाळीनंतर भवानीनगर, बिजवडीच्या कारखान्यांसाठी या पट्ट्यात कोयता घेऊन उतरतात.

म्हणून सक्ती करायचीच, तर ती उतरंडीच्या पहिल्या पायरीपासून हवी : तपासणी, औषधे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत आणि मगच शस्त्रक्रिया. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून बाह्यरुग्ण तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत; शेळगावकरांसाठी इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय त्यात येते. बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे असल्याने हा निर्णय तेथे लागू नाही, पण दुसरे मत घेण्यासाठी ते जवळचे ठिकाण आहे. खासगी पॉलिसीचा दावा नाकारला गेला, तर नकाराचे कारण लेखी मागावे आणि प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास पुण्यातील विमा लोकपालांकडे जाता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.